मृत साठ्यातले मासे

लातूर-नांदेडकडच्या वर्तमानपत्रांत संक्रांत सरली की एक चौकट नेमाने येऊ लागते. धरणाचे नाव, उपयुक्त साठा, टक्केवारी. होळीपर्यंत टक्केवारी एक आकडी होते आणि चैत्र-वैशाखात काही नावांपुढे शून्य येऊन खाली दोनच शब्द उरतात : मृत साठा. धरणाच्या सर्वांत खालच्या दारापेक्षाही खाली जे पाणी राहते, कालव्यात जे आपण होऊन उतरत नाही, ते मृत. धरणाचा आराखडा करतानाच अभियंत्याने ते गाळासाठी सोडून दिलेले असते. धनेगावच्या मांजरा धरणात एकूण २२४ दलघमी पाणी मावते आणि त्यातले ४७ दलघमी मृत आहे. म्हणजे पाचातला एक वाटा.

या मृत पाण्यात राहते कोण, या प्रश्नामागे मी काही वर्षे आहे. उत्तर सोपे आहे. उन्हाळ्यात धरणातला सगळा मासा तिथेच असतो. वरचे पाणी पाटाने गेले, पंपाने गेले, उन्हाने गेले की कटला-रोहूपासून शिंगाळा, मरळ, वाम, झिंग्यांपर्यंत सगळी वस्ती त्या शेवटच्या डबक्यात गोळा होते. पुढच्या पावसाळ्यात जी वीण व्हायची, तिचे आईबाप तिथे असतात. सोपे उत्तर असूनही आपल्या मत्स्यधोरणाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ते फारसे कुठे उमटलेले नाही. ते का, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

मासेमारीच्या धोरणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे आपोआप मुरूड-मालवणकडे वळते. पर्ससीन जाळी, एलईडी दिवे, १ जून ते ३१ जुलैची बंदी. ते साहजिकही आहे. तिथे भांडण मोठे आहे आणि त्याला आवाज आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तेव्हा किनाऱ्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. त्याच फेब्रुवारीत मांजरा धरणाचा तळ उघडा पडत होता. त्यातल्या माशांबद्दल कुठे अग्रलेख आल्याचे मला आठवत नाही. माणसांनाच पाणी नव्हते, हे खरे. पण माणसांना पाणी असते त्या वर्षीही येत नाही.

सुरुवात नावांपासून करतो, कारण नावे सर्वांत जुनी आहेत. कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ पासून पाच-सहा वर्षे तो दख्खनभर फिरला. पिके, पाऊस, पक्षी, जाती, वजनेमापे यांची त्याने नोंद केली आणि माशांचीही केली. पुढे लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने दख्खनच्या माशांवर निबंध वाचला आणि १८३९ साली त्या माशांना शास्त्रीय नावे मिळाली. नावे देताना त्याने एक गोष्ट केली, तिच्यासाठी आपण त्याचे ऋणी असायला हवे. भोयांच्या तोंडचे शब्द त्याने तसेच उचलले. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांत आज शिंगाळ्याचे नाव 'स्पेराटा सीन्घाला' आहे, शिंगटीचे 'मिस्टस सीन्गटी', आणि कोळशाचे 'हिप्सेलोबार्बस कोलुस'. दख्खनचा महसीर 'टोर खुद्री' झाला. साईक्सचे मासे मुख्यतः मुळा-मुठा आणि भीमेच्या बाजूचे. निजामाच्या मुलखात त्याचे काम नव्हते. पण शिंगाळा, शिंगटी ही मंडळी गोदावरीतही आहेत आणि नांदेडच्या बाजारात याच नावांनी विकली जातात. लॅटिनच्या अंगात शिरलेली ही मराठी पुढेही चालू राहिली. १९५२ साली चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णा खोऱ्यातल्या एका नव्या माशाचे वर्णन केले आणि त्याचे नाव 'खवलचोर' ठेवले. इतर माशांचे खवले ओरबाडून खातो, म्हणून. नाव कोळ्यांचेच, शास्त्रज्ञाने फक्त सही केली. या कुलकर्ण्यांची गाठ पुढे पुन्हा पडेल.

ज्यांनी नावे दिली त्यांना नदीच्या सवयी ठाऊक होत्या. कोणता मासा कोणत्या नक्षत्राला चढतो, कोणता डोहात बसतो, कोणता चिखलात तग धरतो. राज्यकर्त्यांना मात्र माशात दुसरेच काही दिसत होते.

इंग्रजी मुलखात ते काय होते, हे फ्रान्सिस डे याच्या १८७३ च्या अहवालात नीट दिसते. डे हा मूळ डॉक्टर, पुढे हिंदुस्थानचा मत्स्यव्यवसाय महानिरीक्षक. त्याने प्रांतोप्रांतीच्या महसुली अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले : मासे कमी होत आहेत का, जाळ्याचा आस किती बारीक आहे, पिल्ले मारली जातात का, बांध घालून मासा अडवतात का. उत्तरांवरून त्याची खात्री पटली की गोड्या पाण्यातला मासा उताराला लागला आहे आणि कायदा हवा. कायदा यायला आणखी चोवीस वर्षे लागली. १८९७ चा हिंदुस्थानी मत्स्य कायदा आला तो मुख्यतः दोन गोष्टी सांगत : पाण्यात सुरुंग लावू नका, विष टाकू नका. बाकी आस, हंगाम, राखीव पाणी हे सगळे प्रांतिक सरकारांनी वाटल्यास नियम करून ठरवावे, असे त्यात होते. वाटल्यास. दीडशे वर्षांपूर्वी डे याने विचारलेला आसाचा प्रश्न आजही नांदेडच्या नदीकाठी तसाच विचारता येतो, आणि मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे दाखवून त्याचे उत्तरही देता येते.

आमच्या भागात हा कायदा लागू नव्हता. इथे निजाम होता. मराठवाड्यात अजून जिवंत असलेले दोन शब्द त्या काळाची आठवण देतात : 'हर्रास' आणि 'गुत्ता'. पुणेकर लिलाव म्हणतो तिथे आमच्याकडे हर्रास होते. ठेक्याला गुत्ता आणि ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. शिंदीचा गुत्ता, रस्त्याचा गुत्ता, आमराईची हर्रास, तशीच तळ्यातल्या माशांची. जास्त बोली त्याचा मासा. या व्यवस्थेत मासा ही एक जमेची बाजू असते. तळ्यात काय शिल्लक राहिले याचा हिशेब कुठल्याच रकान्यात लागत नाही, कारण पुढच्या वर्षीचा गुत्तेदार दुसरा असतो. राजवटीच्या अखेरीअखेरीस, फसली १३५७ मध्ये, हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र मत्स्य कायदा झाला. तोवर नद्यांच्या बाबतीत एक मोठी गोष्ट होऊन गेली होती.

ती समजायला मांजरेचा नकाशा डोळ्यांपुढे हवा. मांजरा ही विचित्र वळणाची नदी. बालाघाटात बीड जिल्ह्यात उगम, मग लातूरमधून पूर्वेला, बिदरमधून तेलंगणात. तिथे ती एकदम उत्तरेकडे वळते आणि नांदेड-निजामाबादच्या सीमेवरून चढत जाऊन कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरचा हा प्रवास. लातूरकरांना नांदेड रस्त्याने जवळ; मांजरेच्या पाण्याला मात्र तिथे पोचायला दोन राज्ये ओलांडावी लागतात. गोदावरीतून चढणीला लागलेला मासा याच वाटेने उलटा, मांजरेच्या तोंडातून वर येऊ शकत होता.

१९२३ ते १९३१ या काळात या वाटेवर निजामसागर उभे राहिले. अभियंता नवाब अली नवाज जंग. धरण देखणे आहे आणि निजामाबादच्या भाताला त्याने पाणी दिले. त्याच्या बांधणीबद्दल आदराने बोलावे असेच ते आहे. पण त्या भिंतीत माशाला चढायला पायऱ्या नव्हत्या. १९३१ नंतर गोदावरीचा मासा लातूरच्या मांजरेत चढून येणे संपले. खालच्या अंगाला मिळणारी मन्याड मोकळी राहिली. देगलूर-बिलोलीकडचा मासा आणखी तीसेक वर्षे चढत राहिला असणार, बारूळला निम्न मन्याडचे धरण होईपर्यंत. संस्थानातल्या माशांची शास्त्रीय पाहणी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात आली ती १९४० च्या दशकात. महमूद आणि रहिमुल्ला यांची निजामाबाद जिल्ह्यातल्या माशांची यादी १९४७ ची. म्हणजे मांजरेचा दरवाजा बंद झाल्यावर सोळा वर्षांनी घरात कोण कोण आहे याची मोजदाद झाली. आधी कोण होते, हे त्या यादीवरून सांगता येत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेले, नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. या दोन तारखांइतकीच महत्त्वाची तिसरी एक तारीख आहे, ती आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नसते : १० जुलै १९५७. त्या दिवशी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन करवण्यात यश आले. कटला, रोहू, मृगळ हे गंगेचे मासे साठल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची धार लागते. त्यामुळे तोवर त्यांची पिल्ले बंगालच्या नद्यांतून गोळा करून, भांड्यांत भरून, रेल्वेने देशभर जात. अर्धी वाटेत मरत. अंगुलनंतर बीज कुठेही करता येऊ लागले.

इथे धोरणाची भाषा बदलली. निजामाच्या काळी मासा गुत्ता होता, आता तो बीज झाला. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली : खात्याच्या कागदांतले हे शब्द गोड आहेत, त्यातही बोटाएवढी ती बोटुकली. पण त्यांच्यामागची कल्पना शेतीची आहे. पेरा, वाढवा, काढा. पुढच्या वर्षी पुन्हा पेरा. याच सुमारास बँकॉकहून सायप्रिनस आला, पूर्वेकडूनच चंदेरा आणि गवत्या आले. त्याच्याही आधी, १९५२ ला, चिलापी आली होती.

आणि पेरायला पाणी भरपूर तयार होत होते. १ मे १९६० नंतरची तीस-पस्तीस वर्षे मराठवाड्यात धरणांची. शंकरराव चव्हाण यांनी पाटबंधारे खाते हाती घेतले आणि जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत गोदावरी अडवली गेली; जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चे. त्यात १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमीची भर टाकली आणि गावोगाव पाझर तलाव झाले. या पाझर तलावांच्या बाबतीत बीज-धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. माघापर्यंत आटणाऱ्या तळ्यात जुलैत बोटुकली सोडावी आणि पाणी संपण्याआधी मासा काढावा, यापेक्षा शहाणपणाचे काही नाही. भूमिहीन भोई कुटुंबांना त्या तळ्यांनी चार महिन्यांची मिळकत दिली. घोटाळा झाला तो हाच नियम नदीला आणि बारमाही धरणाला लावल्याने. तिथे मूळचा मासा होता. त्याला बीज नको होते. त्याला आषाढातली वाट हवी होती आणि वैशाखातले पाणी.

१९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायद्यात सुरुंग आणि विष यांवरची जुनी बंदी आली. धरणांच्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत रूढ झाली. हर्रास जाऊन संस्था आली, ही मोठी सुधारणा; तिचे मोल कमी लेखू नये. तरी गुत्तेदार गेला नाही. संस्थेजवळ बीज घ्यायला पैसे नसतात, होडी-जाळे घ्यायला नसतात. ते पैसे व्यापारी देतो आणि मासा भाव ठरवून उचलतो. कागदावर संस्था, काठावर गुत्तेदार. ठेक्याच्या धोरणात २०१७ साली आणि पुन्हा ३ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने बदल झाले. वाद झाला तो ठेक्याच्या रकमेचा, कोणत्या संस्थेला प्राधान्य याचा, सभासद खरा मच्छीमार आहे की नाही याचा. हे सगळे प्रश्न खरे आहेत, पोटाचे आहेत. पण पाच वर्षांच्या ठेक्याच्या पाचव्या वर्षी, पुढचा ठेका आपल्याला मिळेल याची खात्री नसताना, संस्थेने पाण्यात मासा का शिल्लक ठेवावा, या प्रश्नाला त्या वादात जागा नव्हती. मराठवाड्यात पाचात एखादे वर्ष दुष्काळाचे धरूनच चालावे लागते. अशा वर्षी ठेक्याची रक्कम माफ करा, अशी मागणी होते आणि ती न्याय्य असते. रक्कम माफ होऊ शकते. मासा परत येत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात तवा धरणावर एक प्रयोग झाला, त्याची इथे आठवण करायला हवी. धरणात घरे-शेते गेलेल्या आदिवासींच्या सहकारी संघाला १९९६ मध्ये त्या जलाशयाचे मासेमारीचे हक्क मिळाले. या लोकांनी पावसाळ्यातली बंदी स्वतः पाळली, चोरटी मासेमारी स्वतः अडवली, आणि आधीच्या ठेकेदारी काळापेक्षा उत्पादन वाढले. हक्क २००१ मध्ये पुढे चालू राहिले. २००६ च्या अखेरीस मुदत संपली आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे कारण होऊन पुन्हा मिळाले नाहीत. संघ मोडला तो वाघामुळे, मासे संपले म्हणून नव्हे. पाणी कायमचे आपले आहे असे वाटले की माणूस जाळे आवरतो, एवढे त्या दहा वर्षांनी दाखवले.

आता धनेगाव. धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, तहान लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण देशाला माहीत झाले. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, पुढे पन्नास वाघिणींची येऊ लागली. 'जलदूत' हे तिचे नाव. या काळात मी धरणावर दोनदा जाऊन आलो. मृत साठाही संपला होता. भेगाळलेल्या गाळात शिंपल्यांचा सडा, थर्माकोलचे तराफे आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा काठावर पालथ्या. गाळ उपसून शेतात न्यायला ट्रॅक्टरांची रांग. एक वयस्क भोई भेटले, त्यांना मी विचारले, आता पुढे? ते म्हणाले, "पाणी आलं की मासा येतो म्हन्तेत लोकं. कुठून येतो? आभाळातून पडतो का?"

सप्टेंबरात पाऊस झाला आणि धरण भरले. लोकांनी जलपूजन केले. मासा मात्र कुठून येणार होता? खालून निजामसागर आहे, त्याच्याही वर तेलंगणातच सिंगूरचे धरण आहे, आणि धनेगावच्या खाली लातूर जिल्ह्यातच नागझरी, साई, डोंगरगाव अशी बंधाऱ्यांची माळ आहे. वरच्या अंगाला बालाघाटातले डोह आणि लहान तळी, तीही त्या वर्षी कोरडी. मरळ आणि मागूर ओल्या चिखलात हवेवर काही काळ जगतात. कोळशाची, शिंगाळ्याची ती ताकद नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी बाजारात आलेला धनेगावचा मासा बहुतांशी ट्रकने आणून सोडलेला. म्हणजे १९३१ ला बाहेरचा दरवाजा बंद झाला होता, २०१६ ला घर रिकामे झाले.

हे टाळता आले असते का? माणसे तहानलेली असताना माशासाठी पाणी राखा असे म्हणण्याची माझी छाती नाही, आणि कुणाची असू नये. पण मृत साठ्यापर्यंत पोचायच्या आधी पाणी कुठे गेले, हे विचारायला हरकत नसावी. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याचे पाणी, मग उद्योग, मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती उद्योगाच्या वर गेली. त्या क्रमावर विधिमंडळात आणि बाहेर खूप भांडण झाले. उसावर झाले, बिअरवर झाले. मासेमारीचे नाव त्या भांडणात ऐकू आले नाही. धरणातले पाणी वापरणारा प्रत्येक जण त्यातून पाणी नेतो. भोई एकटाच असा की पाणी आहे तिथेच राहण्यात त्याचे हित आहे. पाणीवाटपाच्या बैठकीत असल्या माणसाला बोलावण्याची आपल्याकडे रीत नाही.

गोदावरीवरची गोष्ट वेगळी आणि जास्त चमत्कारिक आहे. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. तो श्रीरामसागराच्या फुगवट्यातच बांधला म्हणून आंध्र प्रदेशाने हरकत घेतली, आमदार-खासदारांच्या अटकेपर्यंत प्रकरण गेले, आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, २.७४ अब्ज घनफूट पाणी साठवता येईल. मात्र दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे उघडे राहतील, आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागेल.

नांदेडकरांच्या दृष्टीने हा निकाल कडू होता. पावसाळ्यात उघडा आणि पावसाळा संपल्यावर बंद असा बंधारा भरणार कसा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. पण नदीच्या बाजूने पाहिले तर न्यायालयाने, मनात नसताना, माशांचा दरवाजा उघडला. जुलै ते ऑक्टोबर हे चढणीचेच महिने. श्रीरामसागराच्या पाण्यात वाढलेला मासा या काळात बाभळीतून वर सरकू शकतो. तेलंगण सरकार २०१६-१७ पासून तिकडच्या जलाशयांत मोफत मत्स्यबीज सोडते, त्यातलेही काही सीमा ओलांडून इकडे येत असेल. त्याला कोण परवाना विचारणार? पुढे बळेगाव, आमदुरा ओलांडून त्याला विष्णुपुरीपर्यंत जाता येते की नाही, हे त्या त्या बंधाऱ्याच्या दरवाजांवर अवलंबून. पूर असेल तर दारे वर असतात. पूर नसेल त्या वर्षी ती पाण्यासाठी खाली असतात, आणि नेमके अशाच वर्षी माशाला वाट मिळणे अवघड होते. मृगाच्या पहिल्या लोंढ्याला निघणाऱ्या माशांना तर १ जुलै उशिराचाच. तरीही माझ्या माहितीत मराठवाड्यातला हा एकच बंधारा, ज्याच्या दारांना कायद्याने तारीख बांधलेली आहे. ती माशांसाठी बांधलेली नाही, म्हणून तिचा माशांवर काय परिणाम झाला हे मोजायचे कुणाला सुचले नसावे. दहा वर्षे उलटून गेली. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला यापेक्षा बरा विषय मिळणार नाही.

जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे याबाबतीत कौतुक वाटते. त्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढून ठेवायच्या आणि पाऊस ओसरल्यावर बसवायच्या. गाळ वाहून जावा, पुराने बंधारा फुटू नये, एवढाच हेतू. पण नदी चार महिने अखंड राहायची आणि मासा जात-येत असायचा. फळ्या चोरीला जातात, बसवायला माणसे मिळत नाहीत, म्हणून आपण त्या जागी लोखंडी दारे आणि पक्क्या भिंती घातल्या.

एवढे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग मूळच्या माशांचेच बीज तयार करून सोडा. इथे पुन्हा चं. वि. कुलकर्णी. मत्स्यव्यवसाय खात्याच्या संचालकपदानंतर ते लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यांवर गेले आणि १९७० च्या दशकात त्यांनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे काम. लोणावळ्याहून खुद्रीची पिल्ले देशभर गेली, कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. पाहुणा तिथे फोफावला आणि यजमान मागे हटला. २०१८ मध्ये कुबडवाल्या महसीराची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. वाळू, धरणे, सुरुंग हीदेखील त्याची कारणे आहेत. सगळा दोष लोणावळ्याचा नाही. पण चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी, चांगले बीज सोडूनही नदी बिघडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. आणि आपण तर सायप्रिनस, चिलापी आणि आता पिंजऱ्यांतला पंगस सोडतो आहोत.

उलटा रस्ता गोंदिया जिल्ह्यात दिसला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जुन्या मालगुजारी तळ्यांत ढीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने, बेशरमाची झुडपे उपटली आणि तळाशी देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे त्यांना ठाऊक होते. दिसेनासे झालेले देशी मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले. तिथे बीजाचा खर्च नाही; खर्च आहे तो अंगमेहनतीचा. विदर्भातल्या तळ्यांत पाणी टिकते, आमच्याकडे टिकत नाही, हा फरक लक्षात ठेवूनही नांदेडच्या कंधार-लोहा भागात, लिंबोटीसारख्या जलाशयाच्या शेपटाकडे हे करून पाहण्यासारखे आहे.

राखीव पाण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत, वाड्याजवळ वैतरणेवर तिळशाला देवाचे मासे आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही, लोक चुरमुरे घालतात. धरणाच्या मृत साठ्यातला एखादा डोह असा देवाचा म्हणून राखता येईल. देवाचा नको असेल तर संस्थेचा. ठेक्याच्या करारात चार ओळी लिहाव्या लागतील : हा डोह उन्हाळ्यात बंद, इतक्यापेक्षा बारीक आसाचे जाळे नाही, ठेक्याची मुदत पाच वर्षांऐवजी धरण पाचदा भरण्याची, आणि शेवटच्या उन्हाळ्यात डोहात मासा राखला त्या संस्थेला पुढच्या वेळी पहिला हक्क. तिसरी ओळ अधिकाऱ्यांना विचित्र वाटेल. पण इथले साल पंचांगाने मोजण्यापेक्षा पाण्याने मोजणे जास्त खरे आहे. मांजरा धरणाच्या बाबतीत पंचांगाच्या पाच वर्षांत पाण्याची दोनच भरल्याचे आमच्या पिढीने पाहिले आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. विजेचा दर, कर्ज, विमा यांत मच्छीमार शेतकऱ्याच्या बरोबरीने येईल. भोई-कोळ्यांना हे फार आधी मिळायला हवे होते. गुत्तेदाराच्या पैशाशिवाय जाळे घेता आले तर अर्धे काम होईल. शंका आहे ती शब्दाची. शेती म्हटली की बीज, उत्पादन आणि हेक्टरी आकडा. शेततळे, पिंजरा, पाझर तलाव यांना ती भाषा शोभते. मांजरा, मन्याड, गोदावरी यांच्यातला शिंगाळा कुणी पेरलेला नाही, आणि 'नुकसानभरपाई'च्या कोणत्याच नमुन्यात तो बसणार नाही.

बाभळीचे दरवाजे २८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आगेमागे, खाली येतात. त्या दिवशी दोन्ही राज्यांचे अधिकारी आणि केंद्रीय जल आयोगाची माणसे बंधाऱ्यावर हजर असतात, पाण्याची पातळी वहीत लिहिली जाते. त्याच वहीत, दाराच्या वरच्या बाजूला अडकलेल्या पाण्यात जाळे टाकून काय सापडले, याचा एक रकाना वाढवायला कोणत्याही न्यायालयात जावे लागत नाही.